दिव्याची राखण

दिवाळीचा अंक घरात आला की तो आधी कोणी वाचावयाचा, यावरून आमच्या घरी दरवर्षी एक लहानसे युद्ध होते. मराठीचा प्राध्यापक म्हणून म्हणा किंवा अंकाचे पैसे मी मोजतो म्हणून म्हणा, विजय बहुधा माझाच होतो. २०१५ सालच्या दिवाळीतही तो माझाच झाला होता. मात्र त्या विजयाची किंमत माझ्या आठ वर्षांच्या मुलीने मोजली.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती. गोंदियातल्या आमच्या घरापुढे थोडेसे अंगण आहे. पत्नी पूजेच्या मांडणीत गुंतली होती. नागपूरहून आलेली भावजय स्वयंपाकघरात होती आणि भाऊ झेंडूची फुले आणावयास बाजारात गेला होता. मुलांकडे बघण्याचे काम माझ्याकडे होते. मी अंगणात खुर्ची टाकली, पायांवर पाय टाकला आणि अंक उघडला. मुले माझ्या डोळ्यांसमोरच होती. फक्त डोळे अंकात होते.

मुलीच्या अंगावर नवा जॉर्जेटचा घागरा आणि त्यावर झुळझुळीत ओढणी. पुण्यामुंबईकडे जिला फुलबाजी म्हणतात, तिला आमच्याकडे फुलझडी म्हणतात. हातातली फुलझडी विझली, तेव्हा दुसरी पेटवण्यासाठी ती तुळशीवृंदावनापाशी वाकली. समोरच्या पणतीवर तिचे बरोबर लक्ष होते. परंतु ओढणीचा पदर पाठीमागे रांगोळीतल्या दुसऱ्या पणतीवर लोळत होता, त्याकडे तिचे लक्ष असणार कसे? आणि ज्याचे असावयास हवे होते तो मी एका विनोदी कथेच्या शेवटच्या पानावर होतो.

"अरे, पोरीकडे पाह्य!"

माझी आई सत्तरी ओलांडलेली. थंडी पडू लागली म्हणून उंबरठ्याजवळ घोंगडी अंथरून बसली होती. मी मान वर करून काय झाले ते समजून घेईपर्यंत ती उठली होती, घोंगडी ओढली होती आणि तिने नातीला त्या घोंगडीत गुंडाळून जमिनीवर आडवी पाडली होती. एरवी तिला पाण्याचा तांब्या उचलतानाही हात टेकावा लागे. त्या दिवशी ते बळ तिच्यात कोठून आले ते तिलाही नंतर सांगता आले नाही.

आग विझली, पण आमचे शहाणपण तेथेच संपले. आरडाओरडा ऐकून शेजारपाजारचे धावून आले. एका काकूंनी टूथपेस्ट आणली. कोणी म्हणाले हळद लावा, कोणी म्हणाले शाई लावा. घरात एक एम. ए. झालेला प्राध्यापक आणि एक बी. एस्सी. झालेली गृहिणी असताना आम्ही दोघांनी मिळून त्या कोवळ्या दंडावर टूथपेस्टचा जाड थर दिला आणि मग तिला घेऊन दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी आधी काही न बोलता तो थर पुसून काढावयास घेतला. भाजताना मुलगी ओरडली नसेल इतकी ती त्या वेळी ओरडली. तो आवाज मी अजून विसरलो नाही.

काम संपल्यावर डॉक्टर एवढेच म्हणाले, "सर, घरात नळ नव्हता का?"

हा प्रसंग मी आजवर कोठे लिहिला नव्हता. आज लिहितो याचे कारण असे की, त्यानंतरच्या दिवाळ्यांत मी ओळखीच्या अनेक घरांकडे नीट पाहिले आणि मला सर्वत्र माझेच घर दिसले. दिवाळीच्या संध्याकाळी आपल्या घरात प्रत्येक कामाला एक माणूस नेमलेला असतो. पूजा कोणी सांगावयाची, फराळाची ताटे कोणी भरावयाची, पाहुण्यांना आणावयास स्टेशनवर कोणी जावयाचे, हे सारे ठरलेले असते. मात्र घरात त्या संध्याकाळी पाचपन्नास ठिकाणी विस्तव असतो, आणि त्याच्याकडे बघण्याचे काम 'सगळ्यांचे' असते. जे काम सगळ्यांचे, ते कोणाचेच नसते, हे सार्वजनिक जीवनात आपण पदोपदी अनुभवतो. पण घरात विसरतो.

आमच्या लहानपणी असे नव्हते. आईचे माहेर आमगावच्या बाजूला. तेथील मातीच्या घरात आजी दिवाळीला ओसरीवर बसून असे. तिच्या एका बाजूला तेलाची बुधली, दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेली घागर आणि पायाशी भिजवलेले पोते. दिवे लागल्यापासून शेवटचा दिवा शांत होईपर्यंत ती जागची हलत नसे. कोणी जेवावयास बोलावले तर म्हणे, "मी राखणीवर आहे, मागून जेवीन." शेतावर जशी पिकाची राखण, तशी ही दिव्याची राखण. आम्हाला तेव्हा वाटे, म्हाताऱ्या माणसाला बसावयास एक निमित्त पाहिजे! आज वाटते, त्या घरातले सर्वांत मोठे काम तीच करीत होती.

माझा विषय साहित्य. म्हणून या दारूकामाचा थोडा मागचा शोध घेण्याचा मोह मला आवरला नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील दारूकामाचा इ. स. १४०० ते १९०० या काळातला इतिहास लिहिला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी धुंडाळलेल्या साधनांत आपली मराठी साधनेही आहेत. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'तील लग्नात दारूकामाचे वर्णन आहे. हा ग्रंथ सोळाव्या शतकातला. पेशव्यांच्या बखरीत तर एक मोठी गमतीची हकीकत आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याची दिवाळी वर्णन करून सांगतात. तेथे राजा शहराबाहेर 'दारूची लंका' उभी करवितो, त्या लंकेत रावण आणि राक्षस, आणि मारुतीच्या शेपटीला आग लागली की सारी लंका पेटते! पेशव्यांना ते ऐकून असे दारूकाम आपणही पाहावे अशी इच्छा होते आणि मग पर्वतीच्या पायथ्याशी ते घडवून आणले जाते.

या हकीकतीतली एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. लंका शहराबाहेर होती, ती पेटविणारे त्या धंद्यातले जाणते कारागीर होते, आणि पाहणारे, मग ते राजेरजवाडे का असेनात, लांब उभे होते. दारूकाम ही शेकडो वर्षे दुरून पाहावयाची गोष्ट होती. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तामिळनाडूत शिवकाशीचा कारखानदारी धंदा उभा राहिला, फटाका कागदाच्या रंगीत खोक्यात शिरला, स्वस्त झाला आणि घरोघर गेला. यात वाईट काही नाही. मुलांचा आनंद राजवाड्यांतून अंगणात आला, हे चांगलेच झाले. परंतु खोक्याबरोबर तो जाणता कारागीर आपल्या घरी आला नाही आणि ते अंतरही आले नाही. जे काम पूर्वी तालमीतला माणूस करी, ते आपण सात वर्षांच्या मुलाच्या हाती देतो आणि स्वतः अंक वाचीत बसतो.

अंतर गेले म्हणजे काय होते, हे मोठ्या प्रमाणावर पाहावयाचे तर दोन प्रसंग आठवावेत. दोन्ही २०१६ सालचे. त्या वर्षी १० एप्रिलच्या पहाटे केरळात कोल्लम जिल्ह्यातील परवूर येथे पुट्टिंगल देवीच्या उत्सवात आतषबाजी चालू असताना ठिणगी साठवून ठेवलेल्या दारूवर पडली आणि शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, औरंगाबाद येथे, ज्याला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाक्यांचा बाजार पेटला. एका दुकानाची आग दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, असे करीत शंभराहून अधिक दुकाने जळून गेली. पहिल्या प्रसंगात पेटविण्याची जागा आणि साठ्याची जागा यांत अंतर नव्हते. दुसऱ्यात दुकानाला लागून दुकान होते.

फटाक्यांच्या दुकानांसाठी नियम नाहीत असे नव्हे. स्फोटक पदार्थांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे दिवाळीपुरती उभारलेली दुकाने न जळणाऱ्या साहित्याची असावीत, दोन दुकानांत निदान तीन मीटर अंतर असावे, त्यांची तोंडे समोरासमोर नसावीत, जवळपास उघडा दिवा नसावा आणि एका जागी पन्नासांहून अधिक दुकाने नसावीत. गिऱ्हाईक म्हणून आपण हे पाच मुद्दे नजरेने तपासू शकतो. बाजार दाटीचा दिसला तर तेथून खरेदी करू नये आणि लहान मुलांना तर तेथे नेऊच नये. एकदा घरी आणल्यावर आपली फटाक्यांची पिशवी म्हणजेही एक लहानसे कोठार होय. ती झाकणाच्या डब्यात, देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून लांब ठेवावी. अंगणात एका वेळी दोनचार नग न्यावेत. खिशात तर एकही नको.

आता घरातल्या बारीकसारीक गोष्टींकडे येऊ. वाचकांना यातल्या पुष्कळ ठाऊक असतील, मलाही होत्या. ठाऊक असणे आणि त्या संध्याकाळी आठवणे या दोन गोष्टी वेगळ्या, म्हणूनच त्या लिहितो.

पहिली गोष्ट कपड्यांची. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टर हे कापड पेटते तसेच वितळते आणि कातडीला चिकटते. दिव्यांच्या संध्याकाळी मुलांना सुती आणि अंगासरशी बसणारे कपडे घालावेत. नवा घागरा फोटोपुरता घालावा आणि विस्तवाजवळ जाण्याआधी बदलावा. ओढणी व पदर खोचलेला असावा, केस बांधलेले असावेत आणि पायांत बंद चपला किंवा बूट असावेत. विझलेल्या फुलझडीच्या तारेवर पाय पडून भाजणारी मुले थोडीथोडकी नसतात.

दुसरी गोष्ट पणत्यांची. रांगोळीच्या मधोमध पणत्या लावून मग त्यांच्यात बसून रंग भरणे, ही आमच्या घरातली जुनी सवय मी मोडून काढली. आधी रांगोळी पुरती व्हावी, मग दिवे. येण्याजाण्याच्या वाटेवर, जिन्याच्या पायरीवर, पडद्याखाली, उभ्या केलेल्या स्कूटरजवळ पणती नको. सदनिकांत राहणाऱ्यांनी जिना सदैव मोकळा ठेवावा. आग लागल्यावर खाली उतरण्याची वाट तीच असते. विजेच्या माळा लावताना एकाच खटक्यात चार पिना कोंबू नयेत आणि वायरीचे उघडे टोक काडीने खुपसू नये.

हेच पथ्य बाकीच्या सणांनाही लागू आहे. नवरात्रातला अखंड दिवा पितळी परातीत, वाऱ्यापासून आणि पडद्यापासून दूर ठेवावा आणि रात्री त्याच्याकडे कोण बघणार ते ठरवावे. गणपतीच्या आरतीत कापूर पेटलेले तबक लहान मुलांच्या हातांतून फिरवू नये. तुळशीच्या लग्नाला उसाची वाळलेली पाने आणि पणती शेजारी शेजारी येतात, तेथेही एकदा नजर टाकावी.

तिसरी गोष्ट फुलझडीची. ती आपण सर्वांत निरुपद्रवी समजून सर्वांत लहान मुलाच्या हाती देतो. प्रत्यक्षात जळत्या फुलझडीचे टोक हजार अंश सेल्सियसच्या घरात तापलेले असते. पाणी उकळते ते शंभर अंशांना, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती ती देऊच नये. मोठ्या मुलाने हात लांब करून धरावी, एकाने एकच धरावी, आणि विझलेली तार ताबडतोब पाण्याच्या बादलीत टाकावी. अनार आणि भुईचक्र जमिनीवर ठेवून लांब काडीने किंवा उदबत्तीने, तोंड बाजूला ठेवून पेटवावे. न उडालेल्या फटाक्याकडे वाकून बघण्यास कोणीही जाऊ नये. तो फुसका निघाला असे आपण म्हणतो. तो कधी कधी नुसता सावकाश असतो. थोडा वेळ थांबावे आणि लांबूनच त्यावर पाणी ओतावे.

चौथी गोष्ट आमच्या भागाची. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापून झालेले असते. शेतांत पुंजणे उभे असतात आणि गावात गोठ्याशेजारी वाळलेल्या तणसीचे ढीग असतात. शहरातून गावी गेलेल्या मुलांनी सोडलेले रॉकेट कोठे उतरेल हे सोडणाऱ्याला कळत नाही. एक पुंजणा जळाला म्हणजे एका कुटुंबाचे वर्ष जळाले. गोंदियाला आम्ही तांदळाचे शहर म्हणून मिरवतो. तो तांदूळ जेथून येतो तेथे रॉकेट उडवू नये, एवढी जाण आपल्या मुलांना आपणच दिली पाहिजे. शेणामातीच्या घरांची आणि बांधलेल्या जनावरांचीही तीच गोष्ट.

पाचवी गोष्ट नवी आहे आणि म्हणूनच अधिक धोक्याची. २०२५ च्या दिवाळीत आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळ आणि विदिशा या भागांत, प्लास्टिकच्या नळीची एक 'कार्बाइड गन' दीडदोनशे रुपयांना विकली गेली. नळीत कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घातले की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो, आणि ठिणगी पडली की स्फोट. ठिणगी पडूनही आवाज आला नाही की मूल नळीत डोकावते, आणि नेमका त्याच क्षणी तो होतो. शंभराहून अधिक जणांच्या, मुख्यतः मुलांच्या, डोळ्यांना इजा झाली आणि कित्येकांची दृष्टी गेली. हे फटाके नव्हेत आणि खेळणेही नव्हे. मुलांनी मोबाइलवर पाहून घरी असे काही करू घातले आहे का, याची चौकशी आईबापांनी दिवाळीच्या आधी आठ दिवस करावी.

'हिरवे' फटाके आणले म्हणजे काळजी मिटली, असेही कित्येकांना वाटते. २०१८ साली २३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठरवून दिली, फटाक्यांच्या लडी बंद केल्या आणि कमी धुराचे फटाकेच विकावेत असे सांगितले. ते बनविण्याची पद्धत नागपूरच्याच 'नीरी' या संस्थेतील शास्त्रज्ञांनी पुढे आणली, याचा आम्हा विदर्भवासियांना अभिमान आहे. पण त्यांत धूर कमी, एवढेच. विस्तव तो विस्तवच. तो हिरवा असला म्हणून भाजावयाचा थांबत नाही.

आणि एवढे करूनही भाजलेच तर? माझ्या डॉक्टरांचा तो प्रश्न पाठ करून ठेवावा. घरात नळ आहे ना? कपड्याने पेट घेतला तर धावू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे आणि जाड सुती चादर किंवा घोंगडी गुंडाळावी. मग भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. वीस मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, कारण रडणाऱ्या मुलापुढे पाच मिनिटेसुद्धा तासासारखी वाटतात. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढावी. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये, फोड फोडू नये. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा. डोळ्याला मार लागला असेल तर चोळू नये, दाबू नये आणि पाण्याचे हबकेही मारू नयेत. नुसता आडोसा करून डॉक्टरांकडे न्यावे. मात्र कार्बाइड, चुना असे काही डोळ्यात गेले असेल तर पाण्याने सतत धूत राहावे. अग्निशामक दलाचा क्रमांक १०१ आणि रुग्णवाहिकेचा १०८, हे दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

आमच्या घरी २०१६ पासून राखणीची पाळी लागते. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी चहाच्या वेळी ती ठरते. ज्याची पाळी, त्याला त्या संध्याकाळी दुसरे कोणतेही काम नाही. तो पाहुण्यांचे स्वागत करीत नाही, फोटो काढीत नाही, मोबाइल खिशातून बाहेर काढीत नाही. उंबरठ्याजवळ पाण्याच्या दोन बादल्या आणि आईची ती घोंगडी घेऊन तो बसतो. घोंगडीला एका कोपऱ्यात जळून भोक पडले आहे. पत्नीने एकदा ती टाकून द्यावयाची म्हटले, आई ऐकेना.

मुलगी आता कॉलेजात जाते. तिच्या दंडावरचा डाग आंब्याच्या पानाएवढा आहे. मध्यंतरी काही वर्षे ती लांब बाह्यांचेच कपडे घाली आणि ते पाहिले की माझ्या पोटात तुटे. एकदा धीर करून मी तिला विचारले, "तुला माझा राग येत नाही का ग?" ती हसली नाही, की समजूतही घातली नाही. म्हणाली, "बाबा, येतो कधी कधी. पण दिवाळी बंद नका करू." गेली दोन वर्षे राखणीची पाळी ती स्वतः मागून घेते. शेजारची चिल्लीपिल्ली आमच्याच अंगणात येतात, कारण येथे ताई असते.

वाचकहो, दिवे लावावेत, अनार उडवावेत, मुलांना हसू द्यावे. फक्त संध्याकाळी दिवे लागण्याआधी आपापल्या घरात एक प्रश्न मोठ्याने विचारावा: आज राखणीवर कोण आहे? उत्तरादाखल एकाच माणसाचे नाव आले पाहिजे. आणि ते नाव तुमचे असेल, तर हा अंक मिटून आत ठेवा. शेवटचा दिवा शांत झाल्यावर तो वाचावयास रात्र मोठी आहे.